काचेचा गिलास

पाळीच्या पायथ्याशी, धानाच्या अंगाला,
जिथे गवत वैशाखातही हिरवं राहतं,
तिथून पाणी झिरपतं.
करंगळीएवढी धार. मी फ्रॉकमध्ये होते तेव्हापासूनची.

बाबा चौकीदार होते या तलावाचे.
खात्याने दिली एक विजेरी, एक शिट्टी
आणि खाकी सदरा, दोन पावसाळ्यांत विरलेला.
गिलास मात्र त्यांचा स्वतःचा,
टपरीवरचा, बुडाशी कंगोरे असलेला.
रोज सकाळी धारेखाली धरायचे,
मग उजेडात उचलून बघायचे,
पाचशेची नोट बघावी तसा.
"माती झिरपतेच, सुरजे.
पानी येते त येऊ दे. साफ आहे ना? मंग झोप.
गढूळ आलं त समज, पाळ आतून सरकून राह्यली.
मंग मले नोको उठवू. गावाले उठव."

आता मी बघते. पगार नाही त्याचा.
ब्राह्मणकर साहेब वर्षातून दोनदा येतात,
माझ्याच गिलासातून बघून वहीत लिहितात:
झिरपा, स्वच्छ.

पाळीवर उगवलेले पळस मी उपटते.
"फुलं किती सुंदर येतील, काकू!"
येतील. मूळही येईल. आत जाईल, कधीतरी मरेल,
आणि त्याच्या जागी पाण्याला वाट उरेल.
हे कोणाला सांगत बसू?
खेकड्यांची बिळं बुजवते, घुशींची बुजवते.

रविवारी तलाव वेगळाच असतो.
साकोलीच्या मोटारसायकली थेट पाळीवर.
ऋषी चाचेरेची दोन पायडलची बदकं,
एकाची मान तारेनं बांधलेली.
दहा मिनिटांचे चाळीस, जाकीट घालूनच.
जाकिटं सहा, नारिंगी, मासळीच्या वासाची.
"यानं फोटोत ड्रेस दिसत नाही," पोरी म्हणतात.
ऋषी म्हणतो, "तुम्ही दिसाल ना बाई, पुढच्या फोटोतही."

सांडव्याच्या शेवाळावर पोरं पाय सोडून बसतात.
मी शिट्टी वाजवते.
ती टाळ्या वाजवतात.

भादव्यातला असाच एक रविवार. तलाव काठोकाठ.
संध्याकाळी गिलास धरला,
चहा.
धुतला. पुन्हा धरला. चहा.

किती वेळ शिट्टी वाजवली आठवत नाही.
ऋषीने बदक तसंच सोडलं पाण्यात.
निंदणाच्या बाया चिखलाच्या पायांनी वर आल्या.
टाळ्या वाजवणारी पोरंच
वाळूची घमेली वाहत होती, एकाच्या पायात एकच चप्पल.
फोनवर साहेब ओरडत होते,
"धार बुजवू नका! आधी वाळू, मग गिट्टी.
पाणी येऊ द्या, माती अडवा!"

मग कोणीतरी विजेरी फिरवली.
गवताआड, झऱ्याच्या तोंडाशीच,
लांजेवारांची म्हैस,
मानेपर्यंत चिखलात, डोळे मिटून, रवंथ करत.

हसले सगळे. एक आजी शिव्या देत उतरली,
तिची चूल पेटलेली राहिली होती.
मी हसले की नाही, सांगता येत नाही.
पाय थरथरत होते, एवढं खरं.
त्या रात्री पुन्हा चारदा जाऊन आले.
पहाटे पाणी पूर्वीसारखं.

वाळू अजून तिथेच आहे, खुरांचे ठसे उमटलेली.
लांजेवार म्हणतात, जनावर आहे, बसणारच.
मी काट्यांचं कुंपण घातलंय. टिकेल तेवढं टिकेल.

परवा एका चपलेवालं ते पोरगं आलं,
या वेळी दोन्ही चपला घालून.
"मावशी, मी बघू?"
गिलास दिला. त्यानं धरला, उचलला, एक डोळा मिटला.
"ते झाड उलटं दिसते याच्यात!"

झाड सोड, म्हटलं.
माती दिसते का बघ.