बुडखा खाली

पस्ताकियांचा बंगला देवळालीत, लॅम रोडच्या आत.
काळ्या लाकडाची चौकट, पोटात विटा भरलेल्या,
कुठे आडव्या, कुठे माशाच्या काट्यासारख्या तिरक्या.
छप्पर इतकं उभं की कावळा घसरावा.
बर्फासाठी म्हणे. देवळालीत बर्फ
फक्त रसवंतीवर.

मला बोलावलं ते मोरीकडच्या खांबासाठी.
तळाचा हातभर वाळवीनं खाल्लेला;
पटाशी टेकवली, तर मावा केकमध्ये
सुरी जावी तशी आत गेली.

होमायबाईंनी कपाटातून नकाशा काढला.
निळा कागद, घड्यांवर फाटलेला.
सोळा खांब, सोळाही उलटे:
बुडखा वर, शेंडा खाली.
मी दोनदा पाहिलं. चूक नव्हती.
विलायतेत असंच लावतात म्हणे,
जाड भाग माथ्याला आला
की तुळईला बसायला ऐसपैस जागा होते.

हिशेब खरा आहे.
पण आमच्यात झाडाला कुणी
डोक्यावर उभं करत नाही.
भाऊ म्हणायचे, उलट्या खांबाच्या घरात
पाणी टिकत नाही.
कुठलं पाणी, ते त्यांनी कधी सांगितलं नाही.

चुना खरवडला, तसा आकडा दिसला.
रोमन सात. सगळ्या सरळ रेघा,
पटाशीला वळण कुठे जमतं.
बाकी पंधरांवर आकडे ताठ.
याच्यावरची व्ही मात्र पालथी,
तंबूसारखी, आणि तिच्या मागच्या दोन काठ्या पुढे आलेल्या.
गाठींवरून हात फिरवला.
फांद्या वरच्या अंगाला निघालेल्या.
जुन्या खाचा ठोकळ्यांनी बुजवून
नव्या पाडलेल्या, घाईनं, पण चोख.
माथा बारीक पडला म्हणून
तुळईखाली एक हस्त दिलेला,
केळफुलासारखा टोकाला वळवलेला.
नकाशात तो नाही.

पंधरा साहेबाच्या मर्जीनं.
एक आपल्या.
मोरीकडे, जिथे साहेब फिरकत नसे.

कोण होता तो? पंचवटीतला, की सुरगाण्याहून
सागाबरोबरच उतरलेला?
त्या हस्ताची मजुरी त्याला मिळाली नसणार.

पेठचा साग आणला. तुकडा दोरीवर तोलला,
जड बाजू हळूच खाली गेली,
तिथे खडूनं फुली केली.
दारातून होमायबाई म्हणाल्या,
'नकाशापरमाणेच कर हां, दीकरा.'
'हो' म्हटलं.

दीड हाताचा तिरका सांधा,
बाभळीच्या चार खुंट्या.
मग कानावरची पेन्सिल काढली
आणि नव्या लाकडावर सात लिहायला बसलो.
व्ही पालथी जमेना.
शेवटी मोरीच्या दगडावर डोकं टेकून
खालून वर बघत लिहिली.

संध्याकाळी जॅक सैल केला.
लाकूड एकदा कुरकुरलं.
बसलं.