केसपेपर

वीजबिलाच्या खिडकीत मी बसलेली असते,
ते उभे.
तेवीस वर्षं लोकांनी मला वरूनच पाहिलंय:
आधी भांग, मग कपाळ, मग पावती.
तेव्हा कधी काही वाटलं नाही.
आता शिक्का मारायला मान खाली घातली
की काचेपलीकडचं माणूस गप्प होतं
आणि सुट्टे पैसे हळूच ठेवतं,
आजाऱ्याच्या उशाशी ठेवावेत तसे.

आमच्या गल्लीचा रस्ता रुंद केला
तेव्हा भिंतींवर निदान लाल खुणा केल्या होत्या,
नोटीस दिली होती.
भांगाने काही कळवलं नाही.

मोरीच्या जाळीवर रोज एक काळं घरटं.
श्रीरंग उठायच्या आत मी ते उचलते,
कालच्या पेपरात गुंडाळते.
त्याला माहीत आहे.
उशीची खोळ हल्ली तो स्वतःच झटकतो,
मी चहा टाकायला गेले की, खिडकीबाहेर.
यावर आम्ही बोललो नाही.
सत्तावीस वर्षं झाली लग्नाला, कशाकशावर बोलणार.

सयाजी हॉस्पिटलात खिडकीतला मुलगा म्हणाला,
"बेन, केस नवो के जूनो?"
जुनेच, मी म्हटलं, उरलेत ते.
तो हसला नाही. केसपेपर पुढे सरकवला.
नाव. वय. तक्रार.
तक्रार कुणाविरुद्ध, ते लिहायला जागाच नव्हती.

डॉक्टरीण तरुण. पाठीवर एवढा शेपटा
की ती रिपोर्ट वाचत होती
आणि मी तिचा शेपटा.
"टेन्शन घेऊ नका," म्हणाली.
घेतलं नव्हतं हो. घरपोच आलं होतं:
नलूवन्संचा कांद्याचा रस,
हंसाबेनचं कसलंसं तेल,
आणि लिफ्टमध्ये नुसतीच एक नजर.

खंडेराव मार्केटला पुढून जाणं सोडलं.
मंगूबेन लांबूनच ओरडते, "बेन, वेणी!"
दर शनिवारची अबोली तिच्याकडची.
मी मागच्या बाजूने शिरायचे,
मेथीची जुडी छातीशी धरून, चोरासारखी.
नवरात्रात गरब्यालाही गेले नाही.
वारा असतो.

मग दिवाळीआधी कारेलीबागच्या फ्लॅटचा माळा काढला.
आईची पत्र्याची पेटी.
रेशनकार्ड, उसवलेले जरीचे काठ, माझी दहावीची गुणपत्रिका,
आणि तळाशी, मलमलीत गुंडाळलेलं
गंगावन.
काळंभोर, हातभर,
टोकाला आकडा, माक्याच्या तेलाचा वास अजून.

आईचा तो अंबाडा!
चैत्रातल्या हळदीकुंकवाला बायका वळून वळून बघायच्या,
मग माझ्याकडे बघून म्हणायच्या,
पोरीने आईचे केस नाही हो घेतले.
आणि आई, आता आठवतंय, आई
काहीच बोलायची नाही,
वाटल्या डाळीची वाटी पुढे करायची.

म्हणजे घेतले होते मी.
तंतोतंत.

रोज पहाटे न्हाणीला कडी लावून,
एका हातात आरसा धरून,
एकटीने खोचलं असेल तिने हे,
आणि दाराबाहेर मी, शाळेला उशीर होतोय म्हणून
लाथा मारत.
सांगायचंस ग.

लावून पाहिलं?
पाहिलं. बसेना.
आकड्याला धरायला तरी काहीतरी हवं ना.
मला हसू फुटलं. श्रीरंग शिडीवरून म्हणाला, काय झालं?
ये खाली, म्हटलं, आईचं काहीतरी दाखवते.
आणि उशीचंही बोलू.

शनिवारी पुढच्या दाराने गेले.
मंगूबेनने पाहिलं माझ्या डोक्याकडे,
पुरतं, सावकाश,
मग वेणी हातावर मोजायला घेतली.
"केटली आपुं?"
अर्धी, मी म्हटलं. अर्धी पुरे.
तिने दोरा दातांनी तोडला
आणि पैसे मात्र पाऊण वेणीचे सांगितले.

मी भांडले.
भर बाजारात, पाच रुपयांवरून.