काट्यावरची खिडकी

बिदर रोडला डाळ मिलचा काटा,
केबिनला दीड वितीची खिडकी, काच नसलेली.
तिच्यातून ड्रायव्हरचा हात आत येतो,
पावती घेतो, जातो.
अकरा वर्षं झाली, मी माणसं हातांवरून ओळखते.

पौषात जुनं सॉफ्टवेअर बसलं ते उठलंच नाही.
पुण्याचा माणूस फोनवर म्हणाला, नवीन घ्या, अठरा हजार.
मुनीम कोटलवार म्हणाले, वहीत लिहा.
लिहिलं.
वहीच्या मागच्या पानावर मात्र
सी लिहायला घेतलं, दस्तगीरला विचारून विचारून.

दस्तगीर नळेगाव रोडला मॉनिटर दुरुस्त करतो.
"सोपी भाषा शीक की आधी. सीच कामून?"
म्हटलं, आमच्या डब्यात दुसरं काही मावत नाही,
आणि मला पोत्यात बंबी घालून बघायची सवय आहे.

पहिल्या दिवशी एक अर्धविराम राहिला.
टिंबाखालच्या त्या शेपटीपायी सतरा चुका निघाल्या,
त्यातली माझी एकच.
तुरीचंही असंच. एक खडा सापडतो
आणि अख्खी गाडी खोटी ठरते.

पॉइंटर कळेना.
दस्तगीरनं टेबलावरची पावती उचलली.
"ह्यात तूर हाय का?"
नाही.
"मग काय हाय?"
तूर कुठल्या गाडीत आहे, ते.
"झालं की मग," म्हणाला, आणि माझा चहा पिऊन गेला.
त्याच रात्री मी कालच्या पावतीवरून माल उतरवायला गेले:
सेगमेंटेशन फॉल्ट.
बरोबर आहे. गाडी कधीच देगलूरच्या पुढं गेली होती.

मग खिडकी.
रुंदी चारशे, उंची तीनशे.
चालवलं. पालीच्या शेपटीएवढं काहीतरी हललं नि गेलं.
पुन्हा चालवलं. पुन्हा गेलं.
खिडकी उघडत होती हो,
थांब म्हणून तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

थांबायची एक ओळ असते, सगळ्यात शेवटी लिहायची.
ती म्हणते, आता बस.
कुणी बटण दाबलं तर ऊठ,
कुणी कोपरा ओढला तर पुन्हा रंगव,
नाहीतर बस.
वाचून एकटीच हसले.
हे तर मला येतं!
पहाटे चारला हॉर्न वाजला की उठायचं,
भरलेली गाडी, रिकामी गाडी, वजाबाकी,
नाहीतर भुशाचा थर बघत बसायचं.
शाळेत ह्यालाच आळस म्हणायचे.

नाव दिलं: उदगीर.
वरच्या पट्टीत पाच चौकोन उमटले, एकापुढं एक,
ग्रहण लागल्यासारखे रिकामे.
फॉन्टच नव्हता मशीनमध्ये. दस्तगीरनं पेनड्राइव्हमधून आणला.
गावाला गाव दिसायला
शनिवार उजाडला.

हुमनाबादचा गुंडप्पा पावतीला आला तेव्हा
पहिल्यांदा हात नाही, त्याचं तोंड आत आलं.
"अक्का, काय करायलीस?"
बघ, म्हटलं.
त्यानं बघितलं. राखाडी चौकट, वर नाव.
"आत काय बी नाही की."
अजून नाही.
"बटण?"
उद्या.
मान हलवली त्यानं, अशी, जशी नव्या ट्रकचं
नुसतं चेसिस बघून हलवतात.

रात्री फुली दाबून खिडकी बंद केली.
पडदा मोकळा झाला, पण मागं काळ्या टर्मिनलमध्ये
कर्सर परत आलाच नाही.
खिडकी गेली तर तू पण जा,
ही ओळ मी लिहायची विसरले होते.
आत तो जागा होता,
न आलेल्या हॉर्नकडं कान लावून.

कंट्रोल सी दाबायला बोट नेलं,
आणि म्हटलं, राहू दे जरा.
कुलूप शोधलं, दिवा घालवला.
भगभगत राहिला मॉनिटर, काट्यावर शून्य,
आणि देगलूर नाक्याकडून
कुणीतरी गिअर बदलत येत होतं.