दोन बोटं कमी

अंबडला, चौथ्या स्टेशनवरच्या रोबोला
मंगळवारी रात्री फॉर्कलिफ्ट घासून गेली.
पकड वाकली. मी ती सोडवून बाजूला ठेवली.
नवी यायला आठवडा,
आणि गांगुर्डे सुपरवायझर म्हणाले,
तसाच चालव गं, निदान पत्रे तरी ढकलेल.

पहिले काही फेरे तो चुकत राहिला.
नसलेल्या बोटांइतका अलीकडेच थांबायचा,
पत्र्यापासून वीतभर दूर,
हवा चिमटीत धरायचा आणि परत फिरायचा.
मग कॅमेऱ्यासमोर आपला दंड
वरून खाली, खालून वर फिरवून पाहिला.
हे त्याच्या प्रोग्राममध्ये आहे, मीच बसवलंय:
आपलं अंग आपण मोजायचं,
कुणी सांगायची वाट बघायची नाही.
अकरा मिनिटांत त्याला कळलं
आपण कुठे संपतो.
त्यानंतर एकदाही चुकला नाही.

माझ्या वडिलांची दोन बोटं
सातपूरच्या पॉवर प्रेसमध्ये गेली,
त्याला एकोणीस वर्षं झाली.
अजून डिसेंबरात, गोदेवरून गार वारं सुटलं की
उजव्या करंगळीच्या शेजारी
जिथे काहीच नाही
तिथे ते खाजवतात.
चहाचा कप अजून अधूनमधून निसटतो.
आई म्हणते, एवढ्या वर्षांत कळू नये का हो
आपला हात केवढा आहे ते?
ते म्हणतात, मला कळतं. त्याला नाही कळत.

त्याला, म्हणजे कुणाला?
डिप्लोमाच्या तीन वर्षांत
हे कुणी फळ्यावर काढून दाखवलं नाही.

मराठीत आपण म्हणजे मी,
आपण म्हणजे तुम्ही, आपण म्हणजे सगळे.
एका शब्दात एवढी माणसं दाटीवाटीनं बसलेली,
त्यात आता हा
पिवळ्या रंगाचा, सहा सांध्यांचा,
जरा सरकून घ्या म्हणतोय का?
की नुसता मापं घेतोय?

शुक्रवारपर्यंत माझा हिशोब सोपा होता:
ज्याला चूक कळते आणि लगेच सुटते, ते यंत्र.
ज्यांना कळते आणि सुटत नाही, ते माझे वडील.

मग पहाटे तीनला, चहासाठी लाइन थांबलेली,
शेडमध्ये एकच ट्यूब धड जळत होती,
आणि चौथ्यावरून आवाज आला. फुस्स.
थांबला. पुन्हा फुस्स.
रिकाम्या मनगटाशी हवेची नळी
उघडत होती, मिटत होती.
पत्रा नव्हता. हुकूम नव्हता.
बोटं तर नव्हतीच.

लाल बटण दाबलं, पॅनल उघडलं,
एकेक सिग्नल तपासला.
कारण सापडेल. सापडतंच. बहुतेक ओलावा,
नाहीतर कुठल्यातरी ओळीत
माझीच विसरलेली एखादी सूचना.
तरी हात पुढे गेला
आणि त्याच्या मनगटापलीकडे, मोकळ्या जागेत
मी नखानं हळूच खाजवलं.

वेडेपणा. कुणी पाहिलं नाही.
नोंदवहीत लिहिलं: चौथं स्टेशन, हवेची गळती,
वॉशर बदलला.
वॉशर खरंच बदलला.

सकाळी त्रिमूर्ती चौकातून घरी आले
तर वडील ओट्यावर उन्हात बसलेले,
डावा हात उजव्याच्या कडेला, हवेत.
म्हटलं, थांबा, मी खाजवते. कुठे?
ते माझ्याकडे बघत राहिले, मग हसले.
थोडं वर, म्हणाले.
अजून थोडं वर.