खळं

तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटातून आलेला
जालिंदर कणसे, वय चौतीस,
वर्तमानपत्रात गुंडाळलेली डबी काउंटरवर ठेवतो
आणि भिंतीवरचं कॅलेंडर वाचत राहतो.
लाजू नका हो,
माझी एकवीस वर्षं या डब्या उघडण्यातच गेली.

पाच दिवस आव, रक्त.
मेडिकलवाल्यानं परस्पर दिलेली गोळी:
नाव माहीत नाही, पांढरी, लांबट.
पन्नास किलोची गोणी पेलणारा हात
सुईखाली धरला तर
पिसासारखा.

सीआरपी एकशे अठ्ठेचाळीस.
सहाच्या आत हवा.
हा आकडा जंतूचं नाव सांगत नाही,
समोरच्या बिल्डिंगमधून धूर दिसावा
तेवढंच कळतं.
कुणाच्या घरात पेटलंय, कशानं, ते नाही.

नावासाठी थांबावं लागतं.
कोपरखैरण्यात, टायरच्या दुकानावरच्या मजल्यावर
इनक्युबेटर रात्रभर सदतीस अंशांवर जागा असतो.

तिसऱ्या सकाळी प्लेट उजेडात धरली.
शिगेला. साईसारखा पसरलेला,
आणि त्यावर मी ठेवलेल्या औषधांच्या कागदी टिकल्या.
पांढऱ्या लांबट गोळीच्या टिकलीला
जंतू खेटून बसलेले, ओट्यावर बसावं तसे.
एकीभोवती मात्र स्वच्छ गोल.
चंद्राला पडतं तसं खळं.
पट्टी लावली. अठरा मिलिमीटर.
डॉक्टर कुरियनना फोन केला.

नव्या गोळीच्या तिसऱ्या दिवशी सीआरपी एकेचाळीस.
"म्हणजे उतरलं?"
उतरतंय.
"मग उरलेल्या दोन भावाला देतो.
त्यालाही लागलंय. खोलीत आम्ही सातजण."

काय सांगणार? मोबाइलमधला प्लेटचा फोटो दाखवला,
म्हटलं, हे बघा, खळं.
तो बराच वेळ बघत राहिला.
"आमच्या खळ्यात
मळणी झाली, झाडून काढलं,
तरी फटीत दाणा राहतोच.
पाऊस पडला की तिथंच उगवतो."

मग खिशातून पाकीट काढलं,
आजची गोळी घेतली नव्हती त्यानं.
आमचा फिल्टर सोमवारपासून बंद.
मी खाली टायरवाल्याकडून बाटली आणली,
आणि झाकणाचं सील
दोघांनीही तपासलं.

भावासाठी
रिकामी डबी दिली बरोबर.