मुदत टळलेली कामं

जाण्याआधी नातियाने माझ्या फोनात एक वही घालून दिली.
म्हणाली, बाबा, कोटाच्या खिशातली चिठोरी आता बंद.
इथे लिहायचं, झालं की गोलावर बोट टेकवायचं,
गोल भरतो, ओळ पुसट होते. संपलं.
मग ती पोलंडमधल्या वूच शहरात गेली
आणि मी इथेच, त्बिलिसीच्या ग्लदानीत,
नऊ मजली इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करत राहिलो.
नाणं टाकल्याशिवाय त्या कुणाला वर नेत नाहीत.

पहिल्या आठवड्यात लिहिलं:
इमारत सात, दुसरं दार, रिले बदलणे.
इमारत बारा, नाण्यांच्या पेटीत कुणीतरी शर्टाचं बटण टाकलंय, काढणे.
ग्रीस.
गोचाकडून पाना परत मागणे.

गोचा तीन वर्षं पाना देत नाही.
वहीने ती ओळ लाल केली.
गोचाला फरक पडला नाही,
मला पडला.

मग एक वाईट खोड लागली.
झालेली कामंही लिहू लागलो,
नुसती खूण करायला मिळावी म्हणून.
दाढी करणे. केली.
सहा मजले चढणे, कारण माझ्याच इमारतीची लिफ्ट बंद. चढलो.
भांडं एकच आहे, ते घासणे.
घासलं.

एका रात्री लिहिलं: अक्रोड फोडणे, दोन किलो.
कुणासाठी, याला वहीत रकाना नव्हता.
सकाळी पाहतो तर खाली आणखी एक ओळ,
मी न लिहिलेली:
माझ्यासाठी. डिसेंबरात येतेय.

तेव्हा कळलं, या वहीला दोन दारं आहेत.
गोदामातल्या पाळीच्या मधल्या सुट्टीत
ती तिकडून सगळं वाचत होती.
दाढीसुद्धा.

फोनवर आम्ही हवेचं बोलतो.
थंडी आहे? आहे. तिकडे? इकडेही.
ठेवला की वहीत उमटतं: लोकरी मोजे घेणे.
मी खूण करतो, न घेता.
तिला तिकडे गोल भरलेला दिसतो,
तेवढीच तिला ऊब.
डॉक्टर, गुरुवार, चार वाजता.
तिथेही खूण केली.
चार वाजता मी बाकावर बसून
गोचाच्या खिडकीकडे पाहत होतो.

आज पुन्हा गुरुवार.
त्सियालाबाई पाचव्या आणि सहाव्याच्या मध्ये अडकल्यात,
बटाट्याच्या पिशवीवर बसून.
चाळीस वर्षं भूगोल शिकवला त्यांनी.
दाराच्या फटीतून मला राजधान्या विचारतायत,
भीती जावी म्हणून.
त्यांची की माझी, ते नाही सांगत.

मी वर, यंत्राच्या खोलीत,
फोन हनुवटीखाली धरून, त्याच्या उजेडात तार शोधतोय.
नॉर्वे? ऑस्लो.
पेरू? लिमा.
तार सापडली. अजून जोडली नाही,
पण हात सवयीने वहीकडे गेला:
त्सियालाबाईंना बाहेर काढणे. खूण.

पडद्यावर रंगीत कागदांचे तुकडे उधळले,
कुणाच्या तरी लग्नात उधळावेत तसे,
त्या काळ्या, तेलकट खोलीत.
आज काहीच उरलं नाही, वही म्हणाली. शाब्बास, नुगझार.

तुकडे खाली पोचायच्या आत
एक गोल आपोआप रिकामा झाला.
डॉक्टर, गुरुवार, चार वाजता.
आणि त्याखाली, एकेक अक्षर उमटत:
बाबा, खरं सांग.

माझं बोट गोलावर होतं, टेकलं नव्हतं.
चारला अजून वीस मिनिटं होती.
कितीतरी खोलातून त्सियालाबाई ओरडल्या,
झोपलास का रे? पोलंड! पोलंडची राजधानी?

वूच, मी म्हणालो.

चूक, त्या म्हणाल्या.
तार जोड आधी.