दांड्याचा वाक

ऑक्टोबरचा दुसरा शनिवार. लायमाबाहेरचं जत्रेचं मैदान,
गवतावर दहिवर, थर्मासातली कॉफी कोमट.
मेणकापडावर मांडलेत चोवीस दांडे.
गाड्या भंगारात गेल्या, गिअरचे दांडे उरले;
मेलेल्यांचे चष्मे विकायला बसावं
तसा मी बसतो.

लोक विचारतात, ओळखायचे कसे?
आधी हातात घ्या, म्हणतो.
डोळ्यांचं काय, क्रोम दिसलं की भाळतात.

ही चपटी पट्टी, बुडाशी दोन बोल्ट : हर्स्ट.
ढकलली की जाते, पुन्हा विचारत नाही.
ही गोल, गोटीखाली आडवा चाप : जुन्या शेवरलेची.
चाप उचलल्याशिवाय रिव्हर्स पडायचा नाही.
माझी आई अशीच होती, मागचं काही काढू द्यायची नाही.
ही आडव्या मुठीची, सत्तरच्या मस्टँगमधली,
थंडीत तळहाताला चावते.
आणि ही पिस्तुलाची मूठ, लाकडी गालांची, डॉज नाहीतर प्लिमथ.
ती धरली की साठीचा गृहस्थही पोट आत घेतो
आणि बायको दुसऱ्या टेबलाकडे बघते.
कोपऱ्यातल्याचं नाव विचारू नका. त्याचे रबर गेलेत,
घट्ट लापशीत पळी फिरवल्यासारखा फिरतो,
तिसरा शोधावा तर पहिला सापडतो.
तोही कुणीतरी नेईल.

अकराच्या सुमारास कॅरलीन ओब्रेख्त आली.
उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेला दांडा.
वडील वेंडेल, ओतशाळेतले, मार्चमध्ये गेले.
"त्यांच्या एकोणसत्तरच्या शेवेलचा असणार,
वर्कबेंचच्या मागे, भिंतीला खिळ्यावर होता."
फोटोही आणला होता : दोन सुट्या सीट,
मधे कन्सोल, मागे बोट चोखणारी ती.

मी बुडाचा गंज अंगठ्यानं पुसला.
चार आकड्यांतले तीन लागले.
पण आकडे कशाला, वाकच सांगत होता :
आधी पुढे झुकायचं, मग मागे वळायचं,
सलग सीटची कड चुकवत.

बाई, म्हटलं, हा त्या गाडीचा नाही.
याच्या गाडीत मधे कन्सोल नव्हता.
मधे माणूस बसायचं.

ती बराच वेळ फोटोकडेच बघत राहिली.
मग म्हणाली, "आई म्हणायची,
आमच्या दोघांत कायम तो कन्सोल.
मला वाटायचं, गंमत करते."

शेजारच्या टेबलावर कुणी कार्ब्युरेटरची घासाघीस करत होतं.
मी दांडा उजेडात फिरवला, सवयीनं.
उजव्या बाजूचं क्रोम गेलेलं, आतलं पितळी दिसणारं,
रुपयाएवढं नव्हे, त्याहून मोठं, लांबट.
हाताची झीज वर असते, गोटीजवळ.
ही गुडघ्याची.

"किती जण बसत असतील मधे?"
एकच, म्हटलं. दहा जण असते
तर झीज वरखाली पसरली असती.
बोलून गेलो आणि वाटलं,
एवढं माहीत असणं बरं नव्हे.

"हा त्या शेवेलला बसला असता?"
बसला असता. भोकं तीच, चारही गिअर पडले असते.
फक्त प्रत्येक दुसऱ्याला
कोपर कन्सोलवर आपटलं असतं.
"म्हणून काढून ठेवला," ती म्हणाली.
मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही.

माझ्या बाजूच्या घडीच्या खुर्चीत ती बसली,
दांडा बुडाशी गवतात टेकवला, सरळ उभा धरला,
सीटची उंची मनाशी धरून
आणि स्वतःचा गुडघा त्या झिजेला नेऊन लावला.
दोन बोटं खाली लागला.

"आईही माझ्याएवढीच होती," म्हणाली.

तेवढ्यात लाल टोपीवाला कुणी आला,
आडव्या मुठीचे किती, म्हणून विचारू लागला.
मी किंमत सांगितली, नेहमीपेक्षा जास्त,
त्यानं टेबलापाशी थांबू नये म्हणून.